खडा निघाला, दुखणं राहिलं

गेल्या वर्षी मे महिन्यात माझं मूतखड्याचं ऑपरेशन झालं. डावीकडच्या मूत्रवाहिनीत खडा अडकला होता, तो दुर्बिणीतून लेसरने फोडून काढला. तिसऱ्या दिवशी मी घरी आले. शेजारच्या वहिनी भेटायला आल्या, नणंद आली, गटातल्या चौघी शहाळी घेऊन आल्या. प्रत्येकीने एकच विचारलं, "निघाला ना खडा?" निघाला म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं आणि बोलणं लग्नसराईकडे वळलं.

माझं मात्र काही संपलेलं नव्हतं. दर वीस मिनिटांनी लघवीला जावं लागत होतं. लघवी करतानाच डाव्या कुशीत, पार बरगडीखाली कळ चढायची आणि शेवटच्या थेंबाला खाली आग. रंग कोकम सरबताचा. रात्री सहा-सात वेळा उठणं. खड्याच्या कळा मी सोसल्या होत्या, पण त्या येत आणि जात. हे वेगळंच होतं. आत काहीतरी बसलेलं आहे आणि मी हलले की तेही हलतं, असं सारखं वाटायचं. पाचव्या दिवशी घाबरून दवाखान्यात फोन केला. पलीकडची मुलगी अगदी सहज म्हणाली, "ताई, डीजे आहे ना आत. होणारच तसं."

सोलापुरात डीजे म्हटलं की मिरवणुकीतल्या, खिडक्यांची तावदानं हादरवणाऱ्या त्या भिंतीच डोळ्यांपुढे येतात. माझ्या पोटात कुणाची मिरवणूक निघालीय ते मला कळेना. मग डिस्चार्जचा कागद चष्मा लावून पुन्हा वाचला. इंग्रजीत, बारीक अक्षरांत एक ओळ होती. डाव्या बाजूला डीजे स्टेंट घातला आहे, चार आठवड्यांनी काढण्यासाठी यावे. मी पतसंस्थेत तीस वर्षं हिशेब लिहिलेली बाई. कागद वाचायची मला सवय आहे. तरी ही ओळ माझ्या नजरेतून सुटली, कारण ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर ती कुणी तोंडाने मला सांगितलीच नव्हती. संमतीच्या कागदावरची सही मात्र माझीच होती.

ही नळी असते तरी काय, ते नंतर मी एका डॉक्टर मैत्रिणीकडून समजून घेतलं. मूत्रपिंडातली लघवी मूत्राशयात आणणारी जी वाहिनी, तिच्यात दुर्बीण घालून खडा फोडला की ती आतून सुजते. खड्याची भुकटीही तिच्यात अडकू शकते. लघवी तुंबली तर मूत्रपिंडाला धोका. म्हणून बॉलपेनच्या रिफिलहूनही बारीक अशी एक मऊ नळी आत ठेवतात. लांबी वीतभर किंवा थोडी जास्त. दोन्ही टोकं इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळलेली, म्हणून डबल जे आणि त्याचं आखूड नाव डीजे. वरचं वेटोळं मूत्रपिंडात बसतं, खालचं मूत्राशयात, त्यामुळे नळी सरकत नाही. दुर्बिणीतून सरळ सिलिकॉनची नळी घालण्याची पद्धत अमेरिकेत झिमस्किंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७मध्ये मांडली. पण ती सरकायची. दोन्ही टोकं वळवण्याची युक्ती १९७८मध्ये रॉय फिनी यांनी प्रसिद्ध केली. त्या युक्तीने किती मूत्रपिंडं वाचली असतील याची गणती नाही. माझंही त्यातलंच एक. माझं भांडण नळीशी नाही.

पण जी रचना नळीला जागच्या जागी धरून ठेवते, तीच दुखवते. खालचं वेटोळं मूत्राशयाच्या तळाशी घासतं. तिथली त्वचा नाजूक, म्हणून सारखी घाई लागते, आग होते, चाललं-वाकलं की रक्त येतं. शिवाय एरवी मूत्राशयातली लघवी वर परतू नये अशी शरीराची सोय असते. नळी आत असली की ती सोय मोडते. लघवीसाठी जोर पडला की काही लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते आणि कुशीत कळ येते. म्हणजे मी काही नाजूकपणा करत नव्हते. दुखायचं तिथेच आणि दुखायचं तेव्हाच दुखत होतं.

आणि हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे एच. बी. जोशी आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये या त्रासाची मोजदाद करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात लघवीच्या तक्रारी आहेत, वेदना आहेत, एकूण प्रकृती आहे, कामावर झालेला परिणाम आहे आणि शरीरसंबंधांविषयीही प्रश्न आहेत. त्यांनी तपासलेल्या रुग्णांमध्ये १००पैकी ८०हून अधिक जणांना रोजच्या व्यवहारात अडथळा येईल इतकं दुखत होतं. ५८ जणांची काम करण्याची ताकद कमी झाली होती आणि पैशाचं नुकसान झालं होतं. ३२ जणांना शरीरसंबंधात अडचण आली होती. ही आकडेवारी छापून आली त्याला वीस वर्षं उलटून गेली. एवढं सगळं मोजून ठेवलेलं असताना मला कळलं ते फोनवरच्या त्या मुलीच्या "होणारच तसं" एवढ्या दोन शब्दांतून.

आपल्या चळवळीला ही गोष्ट नवी नाही. १९८९मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन खेड्यांचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला, तेव्हा १००पैकी ९२ बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग असल्याचं दिसलं, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. बायका दुखणं लपवतात असं आपण म्हणतो. मला वाटतं, त्यांना विचारलं जात नाही हे आधी म्हणायला हवं. स्टेंटच्या बाबतीत तर बाई दवाखान्यात येऊन गेलेली असते, टेबलावर झोपलेली असते, तिची फाइल तयार असते. तरीही विचारलं जात नाही.

आता काहीजणी म्हणतील, मूतखडा हा काही बायकांचाच आजार नाही. अगदी खरं. पुरुषांत तो जास्तच आढळत आला आहे. माझ्या धाकट्या दिराचंही हेच ऑपरेशन झालं होतं, त्यांनाही डीजे होता आणि त्यांनीही तितकंच सोसलं. नळी काही स्त्री-पुरुष भेद करत नाही. घर करतं. भावोजी तीन आठवडे पलंगावर होते. जाऊबाई पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या, जेवण हातात द्यायच्या, रात्री दिवा लावायला उठायच्या. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही आणि मलाही ते योग्यच वाटलं. माझ्या वेळी मी सहाव्या दिवशी ओट्याशी उभी होते. मला कुणी ढकललं नव्हतं. "असू दे, मी करते" हे मीच म्हणाले. घरकामाचं मोल या विषयावर मी किती शिबिरांत बोलले आहे, ते आठवून आज हसू येतं. खडा निघाला म्हणजे आपण बऱ्या झालो, हे दवाखान्याने जसं धरलं तसं मीही धरलं होतं. पोट कापलेलं नाही, टाके नाहीत, दाखवायला काही नाही. मग कुठल्या तोंडाने झोपून राहायचं?

त्यातच एक गंमत. फोननंतर डॉक्टरांनी नळीचा त्रास कमी व्हावा म्हणून एक गोळी लिहून दिली. औषधाच्या दुकानातल्या मुलाने चिठ्ठी बघून विचारलं, "काका पण येणार होते का? हे प्रोस्टेटचं औषध आहे, बायकांना चालत नाही." मी परत. पुन्हा फोन. ती गोळी टॅमसुलोसिन होती. प्रोस्टेटसाठी ती वापरतात हे खरं, पण मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचं तोंड सैल करून ती स्टेंटचा त्रासही कमी करते, आणि त्यासाठी बायकांनाही देतात. गोळीने मला बराच फरक पडला. मात्र ती पहिल्या दिवसापासून मिळू शकली असती, मी तक्रार केली नसती तर मिळालीच नसती, आणि तक्रार करूनही दुकानातून रिकाम्या हाताने परतायची वेळ आली होती.

हे सगळं माझ्यासारख्या, घरात संडास असलेल्या, पगारी रजा शिल्लक असलेल्या बाईचं. ज्या बाईमुळे मी हा लेख लिहायला बसले, ती आमच्या पतसंस्थेची सभासद. कडक भाकरीच्या धंद्यात आहे. सोलापूरची कडक भाकरी आता कुठे कुठे जाते, तिच्या पाकिटांवर 'पारंपरिक' असं छापलेलं असतं. ती थापणाऱ्या बायका पहाटेपासून आचेसमोर बसतात. उन्हाळ्यात घामाच्या धारा. लघवीला जायचं तर गल्लीच्या टोकाला, तिथे रांग आणि कडी नसलेलं दार. म्हणून बायका पाणीच कमी पितात. घाम जास्त, पाणी कमी, म्हणजे लघवी घट्ट होते आणि खड्याला आयतंच कारण मिळतं. डॉक्टर सांगतात, दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. सल्ला बिनचूक आहे. २०११मध्ये मुंबईत राइट टू पीची मोहीम सुरू झाली तेव्हा काहींना तो थट्टेचा विषय वाटला होता. त्यांनी या बाईच्या गल्लीत एक दिवस अडीच लिटरचा हिशेब बसवून दाखवावा.

तिचं उजव्या बाजूचं दुखणं आधी पाळीचं समजून वर्षभर गोळ्या घेण्यात गेलं. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या बाईच्या बाबतीत आधी पिशवीकडेच बघायचं, ही सवय अजून गेलेली नाही. शेवटी सोनोग्राफी झाली, खडा सापडला, ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, पैसे लागले नाहीत. नळी घातली. ती काढायची तारीख सांगितली गेली, पण तिला नाही. ती भुलेतून बाहेर येत होती, म्हणून खिडकीवर कागद घेणाऱ्या मुलाला सांगितली. मुलगा पुण्याला कंपनीत. दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता, कागद पिशवीत ठेवून परत गेला. तो वाईट मुलगा नाही. त्याच्या डोक्यात 'ऑपरेशन झालं' एवढंच राहिलं.

ही आठव्या दिवशी परत भाकरी थापायला बसली. भाकरी थापताना सगळं अंग पोटाशी दुमडतं. दुपारपर्यंत लघवी लाल व्हायची. तिने शेजारणीला विचारलं, तिने सांगितलं की ऑपरेशननंतर होतंच तसं. आत नळी आहे हे तिला माहीत होतं, पण टाके विरघळतात तशी तीही विरघळून जाईल असं तिला वाटत होतं. मला सांगा, तिने असं समजणं चुकीचं होतं का? तिच्या बाळंतपणातले टाके विरघळलेच होते. दीड-दोन महिन्यांनी त्रास अंगवळणी पडला. तेरा महिन्यांनी थंडी वाजून ताप भरला, कुशीला हात लावू देईना. एक्स-रेत ती नळी जशीच्या तशी दिसली, फक्त तिच्यावर दोन्ही टोकांना खडे चढले होते. अशा नळ्या काही आठवडे, फार तर काही महिने ठेवायच्या असतात. त्यापुढे लघवीतले क्षार त्यांच्यावर बसत जातात आणि मग ओढून काढता येत नाहीत. जी नळी वेळेवर काही मिनिटांत निघाली असती, ती काढायला तिला दोन ऑपरेशनं लागली. उजवं मूत्रपिंड आता थोडंच काम करतं. भाकरीचं काम सुटलं.

नळी राहून जाणं ही तिच्या एकटीचीच गोष्ट नाही. जगभरच्या वैद्यकीय मासिकांत अशा विसरलेल्या स्टेंटची प्रकरणं वर्षानुवर्षं छापून येताहेत. त्यांत शब्द वापरला जातो 'विसरलेला स्टेंट'. कोण विसरलं, ते त्या शब्दात नाही. घालणाऱ्याच्या दवाखान्यात गाडीच्या सर्व्हिसिंगसारखी एक वही नसते, की अमक्या तारखेला अमक्या बाईची नळी काढायची, ती आली नाही तर फोन करा. काही रुग्णालयांत अशी नोंद ठेवतात, संगणकावरून आठवणही जाते. म्हणजे करता येतं. जिथे करत नाहीत तिथे दोष रुग्णाच्या 'निष्काळजीपणा'वर टाकून मोकळं होता येतं.

माझी डॉक्टर मैत्रीण यावर चिडली. ती म्हणाली, "तुम्हाला काय, बोलायला सोपं. ओपीडीत सव्वाशे पेशंट असतात. आणि एवढं सगळं आधी सांगितलं तर निम्म्या बायका ऑपरेशनच नको म्हणतील, खडा ठेवतील, किडनी घालवतील." तिचं पहिलं म्हणणं मला पटतं. सरकारी दवाखान्यातल्या गर्दीचा राग एकट्या डॉक्टरवर काढण्यात अर्थ नाही. पण ज्या रुग्णालयांत हे काम नर्सताई किंवा समाजसेविका करू शकते, मराठीत एक छापील पान देता येतं, तिथे तरी गर्दीचं कारण पुरत नाही. दुसरं म्हणणं मात्र मला मुळीच मान्य नाही. बाई घाबरेल म्हणून तिला सांगायचं नाही, हे आपण गर्भनिरोधकांच्या बाबतीत ऐकलं, पिशवी काढण्याच्या बाबतीत ऐकलं. ज्या बायकांनी घरात, बिनभुलीच्या कळा देऊन मुलं जन्माला घातली त्या चार आठवड्यांच्या नळीला घाबरून पळतील, हे कशावरून? माणूस घाबरतं ते न सांगितलेल्या दुखण्याला. लाल लघवी बघून मला वाटलं होतं की आत काहीतरी फाटलंय.

कायदाही या बाबतीत गप्प नाही. समीरा कोहली खटल्यात २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमती म्हणजे काय हे स्पष्ट केलं. तिथे तपासणीसाठी संमती दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजांडकोश, ती भुलेत असताना आईची सही घेऊन काढले होते. उपचाराचं स्वरूप, त्याचे धोके, दुसरे पर्याय हे पुरेसं समजावल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं. महाराष्ट्रात २०२१मध्ये शुश्रूषागृहांच्या नोंदणीच्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही आली. माझ्या दवाखान्यात ती सनद लावलेली होती, पाण्याच्या यंत्राच्या मागे. पर्यायाचाच प्रश्न घ्या. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या २०१६च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे की दुर्बिणीचं ऑपरेशन बिनगुंतागुंतीचं झालं, मूत्रवाहिनीला इजा नसली, दुसरं मूत्रपिंड नीट असलं, तर स्टेंट न घालण्याचाही विचार डॉक्टर करू शकतात. माझ्या बाबतीत नळी लागणारच होती का? कदाचित होती. पण "माझ्यात नळी लागेल का?" हा प्रश्न विचारता येतो, एवढं तरी मला ठाऊक असायला हवं होतं.

एका गोष्टीवर आमच्या बैठकीतही कुजबुजच झाली, म्हणून ती इथे सरळ लिहिते. नळी आत असताना शरीरसंबंध दुखू शकतो. काही नळ्यांना बाहेर दोरा ठेवलेला असतो, तिथे तर तो ओढला जाण्याचीही भीती. डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांसमोर एक वाक्य उच्चारलं असतं, तर किती घरांत किती रात्री वाचल्या असत्या. आमच्यातली एक म्हणाली, "डॉक्टरांनी नको म्हटलंय, एवढं म्हणता आलं असतं तरी पुष्कळ होतं." तिला 'मला नको' म्हणण्याची सोय नव्हती, ही आपली जुनी लढाई आहेच. पण ती जिंकेपर्यंत डॉक्टरांचं एक वाक्यही फार मोठं असतं.

त्या बैठकीत मग बाकीच्याही बोलायला लागल्या. एकीने चार आठवडे पॅड लावून शाळेत शिकवलं होतं, मुख्याध्यापकांना कारण सांगायची लाज वाटली म्हणून रजा मागितली नव्हती. एकजण चार घरची धुणीभांडी करते. तिसऱ्या दिवशी कामावर गेली नाही तर दुसरी लावतील, म्हणून गेली. घरकामगार बायकांसाठी आपल्या राज्यात २००८चा कायदा आहे, मंडळ आहे, पण आजारपणाच्या रजेचे पैसे तिला कोण देणार, याचं उत्तर त्यात सापडत नाही. आमचं म्हणणं असं की रजा, विश्रांती, घरातली मदत हे सगळं मोजायचं ते नळी निघेपर्यंत. डिस्चार्ज मिळाला त्या दिवसापर्यंत नव्हे. वैद्यकीय दाखल्यावर तसं लिहून मागायचं. डॉक्टर लिहितात, मी नंतर एकीसाठी मागितलं तर लगेच लिहून दिलं. मागावं लागतं एवढंच.

आणि काय साधं, काय धोक्याचं तेही एकमेकींना सांगायला हवं. फिकट लाल लघवी, सारखी घाई, लघवी करताना कुशीत कळ हे त्रासदायक, पण नळीमुळे होणारं. थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली किंवा गोळीनेही न थांबणारं दुखलं, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही.

माझी नळी तिसाव्या दिवशी निघाली. खाली बधिर करणारी जेली लावली, बारीक दुर्बीण घातली, आणि दोन-तीन मिनिटांत डॉक्टरांच्या चिमट्यात ती लोंबकळत होती. निळसर, निरुपद्रवी दिसणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा लक्षात आलं की मी रात्री एकदाच उठले होते. ओट्याशी उभी राहून मी थोडी रडले, हे घरात कुणाला सांगितलं नाही.

आता आमच्या पतसंस्थेच्या हजेरीवहीचं शेवटचं पान वेगळं ठेवलं आहे. ज्या सभासद बाईला, किंवा तिच्या घरातल्या कुणालाही, स्टेंट घातला असेल तिचं नाव, कुठल्या बाजूला, कधी घातला, कधी काढायचा, सोबत कोण जाणार. गेल्या आठ महिन्यांत पाच नावं झाली, त्यांतला एक पुरुष. चार नावांवर रेघ मारून झाली आहे. पाचवीची तारीख येत्या सोमवारची आहे. तिच्या नवऱ्याची पाळी दिवसाची आहे, म्हणून सोबत मी जाते आहे.